आधी ‘आत काय आहे’ विचारणारं दुकान

बेळगावच्या खडेबाजारातून आत वळलं की एका बोळात, जिन्याखाली, दहा बाय आठची एक खोली आहे. बाहेर पाटी नाही. आत भिंतभर जुने मदरबोर्ड खिळ्यांना टांगलेले, खाली बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत स्क्रू, जंपर, केबली, आणि मधल्या लाकडी टेबलाशी मान खाली घालून बसलेले मामा. बाजारात त्यांना ‘मॉनिटरवाले मामा’ म्हणतात. नाव आणि नंबर कुठं टाकू नको, असं त्यांनी मला बजावून सांगितलंय. ‘हाय तेवढंच काम उरकंना, अक्का.’ म्हणून टाकत नाही. खडेबाजारात दोन-तीन मोबाइलच्या दुकानांत विचारलं तर कुणीतरी बोळ दाखवतंच.

मागच्या वर्षी मी तिथं आमच्या छापखान्यातला १९९९ सालचा कॉम्प्युटर नेला होता. एकोणीस दिवसांनी तो चालू होऊन परत आला. आतल्या फायलींपैकी दोन गेल्या, बाकी सगळ्या हाती लागल्या. आमच्या भागात असे कॉम्प्युटर अजून पुष्कळ ठिकाणी चालू आहेत, छापखान्यांत, उद्यमबागेतल्या वर्कशॉपांत, कुठं कुठं जुन्या हिशेबासाठी. त्यांच्या मालकांना उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आमचा छापखाना वडगावात. दोन्ही अंगांना यंत्रमाग. बाबांनी सुरुवात ट्रेडल छपाईयंत्रावर केली. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला दोन जुळारी होते. कॉम्प्युटर घेतला तेव्हा ते दोघं बाबांच्या मागं उभं राहून पडद्याकडं बघत होते, ते मला चांगलं आठवतंय. पेंटियम टू, इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा बोर्ड, ६४ एमबी रॅम, ४.३ जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ९८ सेकंड एडिशन, पेजमेकर ६.५. शिवाय मराठी टाइप करायचं पॅकेज. त्या पॅकेजबरोबर काडेपेटीएवढं एक कुलूप येतं, डोंगल म्हणतात ते. प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टला ते लावलं तरच पॅकेज उघडतं. बाबा टाइपरायटर शिकलेले, त्यामुळं कळफलकही त्याच पद्धतीचा. अजून त्यांच्या बोटांना दुसरा येत नाही.

आता कुणी विचारेल, एवढ्या वर्षांनी हे धूड कशाला सांभाळायचं? नवा लॅपटॉप माझ्याकडं आहेच, रोजचं काम त्याच्यावरच होतं. पण १९९९ ते २०१२ या तेरा वर्षांत आमच्याकडं जे जे जुळवलं गेलं, लग्नपत्रिका, गणेश मंडळांच्या स्मरणिका, सोसायट्यांचे अहवाल, गावच्या यात्रांची निमंत्रणं, ते सगळं त्या डिस्कवर आहे आणि युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडं चालणाऱ्या एकाच अक्षर-कोडच्या, आधीच्या फॉण्टात आहे. श्रीलिपी म्हणा, आकृती म्हणा, सीडॅकचं आयएसएम म्हणा, त्या काळी प्रत्येकाच्या फॉण्टाचा कोड वेगळा होता. त्यात अक्षर म्हणून काही साठवलेलं नसतं, अक्षराचे तुकडे साठवलेले असतात. काना वेगळा, अर्धा ग वेगळा, दोन्ही शेजारी बसले की डोळ्याला पूर्ण ग दिसतो. ती फाईल दुसऱ्या फॉण्टात उघडली की कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरांची रांग लागते. कन्नडचं काम आम्ही नुडी आणि बरह या पॅकेजांवर करायचो, तिथंही जुन्या फायलींची तीच कथा. तेव्हा फाईल, तिचा फॉण्ट, तो फॉण्ट चालवणारं पॅकेज, पॅकेजचं कुलूप आणि कुलूप ओळखणारं पोर्ट, अशी ही साखळी आहे. एक कडी निघाली की पानं असून वाचता येत नाहीत.

आमची कडी एप्रिलच्या शेवटी निघाली, आणि तीही नेमकी नको त्या वेळी. वडगावच्याच एका भजनी मंडळाची पुस्तिका आम्ही २००३ साली छापली होती. त्यात हरिपाठ तर होताच, पण शेवटी सोळा पानं एका गुरुजींनी स्वतः रचलेल्या अभंगांची होती. गुरुजी आता नाहीत. वही त्यांच्या घरच्यांना सापडली नाही, आणि पुस्तिकेची एकच प्रत शिल्लक होती, तिचीही मधली सहा पानं वाळवीनं खाल्लेली. आषाढीच्या दिंडीला नवी शंभर पुस्तकं पाहिजेत म्हणून मंडळाचे लोक आले. मी म्हटलं, फाईल आहे, काळजी करू नका. बटण दाबलं. पंखा दोनदा गरगरला आणि थांबला. पडद्यावर काहीच नाही.

पहिल्यांदा मी गावातल्याच एका मोठ्या दुकानात गेले. त्यांनी झाकण उघडलं, पाच मिनिटांत बंद केलं आणि सांगितलं, याचे भाग आता येत नाहीत, भंगारात द्या, बोर्डाला किलोवर पैसे मिळतात. हार्ड डिस्कचं विचारलं तर म्हणाले, ‘लावून बघू, नाही वाचली तर फॉरमॅट मारून बघू.’ मी कॉम्प्युटर उचलला आणि बाहेर आले. फॉरमॅट मारला तर बघण्यासारखं राहिलंच काय असतं? ज्या माणसाला हे कळत नाही त्याच्या हाती डिस्क देऊ नये, मग दुकान कितीही झगमगीत असो.

मामांच्या बोळाचा पत्ता मला उद्यमबागेतल्या एका ओळखीच्यांनी दिला. तिथं पोचले तेव्हा माझ्या आधी बैलहोंगलकडचे एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला एक जुना सीपीयू होता. मामांनी त्यांना पहिला प्रश्न विचारला, ‘ओळग एनैती?’ त्यांचं झाल्यावर माझ्याकडं वळून तोच प्रश्न मराठीत, ‘आत काय हाय, अक्का?’ मी सांगायला लागले, पेंटियम टू, चौसष्ट एमबी... त्यांनी हात वर केला. ‘मशीन न्हवं. मशीनच्या आत काय हाय? काय वाचवायचं हाय?’

मी गुरुजींच्या अभंगांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, किती फायली असतील ते विचारलं, दुसरीकडं कुठं प्रत आहे का तेही विचारलं. मग म्हणाले, ‘आता हे परत चालू करायचं न्हाई. आधी डिस्क काढून घेऊया.’ माझ्या मते या दुकानाची सगळी किंमत या एका क्रमात आहे. दुसरीकडं मशीन दुरुस्त करायला घेतात आणि त्या नादात डिस्क मारतात. मामा आधी डिस्कची नक्कल करतात, ती हातात आल्याशिवाय मशीनला वीज दाखवत नाहीत.

नक्कल कशी केली ते मी शेजारी बसून बघितलं. डिस्क एका यूएसबीच्या जोडणीनं लिनक्स असलेल्या कॉम्प्युटरला लावली आणि डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम सुरू केला. तो मोफत आहे. त्याची रीत अशी की डिस्कचा जो भाग सरळ वाचता येतो तो आधी भराभर उचलायचा, जिथं अडतं ते सोडून पुढं जायचं, आणि काय राहिलं त्याची नोंद एका वेगळ्या फाईलमध्ये ठेवायची. मग त्या राहिलेल्या जागांवर फेऱ्या मारायच्या. साधी कॉपी केली असती तर पहिल्याच खराब जागेवर अडकून डिस्क तिथंच घासत बसली असती आणि पुढचं चांगलंही गेलं असतं. मधे वीज गेली तरी नोंदीच्या फाईलवरून जिथं थांबलं तिथून पुढं सुरू करता येतं, आणि एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडं वीज जाणार हे धरूनच चालावं लागतं. पहिली फेरी दुपारीच झाली. उरलेल्या तुकड्यांसाठी मामांनी दोन रात्री मशीन चालू ठेवलं. डिस्क तापू नये म्हणून तिच्यावर टेबलफॅन सोडला होता.

तिसऱ्या दिवशी मला बोलावून त्यांनी फायलींची यादी दाखवली. दोन सोडून सगळ्या शाबूत. गेलेल्या दोन्ही कुठल्याशा दुकानाच्या बिलबुकाच्या होत्या. भजनी मंडळाची फाईल होती. तिथंच बसून मी घरी फोन केला. बाबा काही बोललेच नाहीत, नुसतं ‘हं’ म्हणाले आणि फोन आईकडं दिला.

मग बोर्ड. झाकण काढल्यावर प्रोसेसरच्या पंख्यात सुताच्या तुसाची बोटभर जाड गादी बसलेली निघाली. दोन्ही बाजूंना माग असल्यावर दुसरं काय होणार? पंखा फिरत होता, पण हवा जात नव्हती, आणि त्या उष्णतेनं प्रोसेसरशेजारचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून एकसारखी पुरवणाऱ्या छोट्या डब्या, आतून वाळत गेले होते. मामांनी बोर्ड तिरका धरून मला दाखवला. चांगल्या कपॅसिटरचा माथा सपाट असतो. आमच्या बोर्डावर अकरा होते, त्यातल्या सातांचे माथे फुगून खापरीसारखे झालेले, आणि एकाच्या माथ्यावर जी फुली कोरलेली असते ती फाटून तपकिरी चिकट डाग बाहेर आलेला. ‘सात दिसाय लागलेत, पण चार त्यांच्याच वयाचे हायेत,’ म्हणून त्यांनी अकराही बदलले. हे मला पटलं. सातच बदलून सहा महिन्यांनी पुन्हा बोर्ड सोडवायला लावणं सोपं होतं, कुणीही तसंच केलं असतं.

बदलायचं काम मात्र जिकिरीचं. मदरबोर्डाच्या पोटात तांब्याचे पत्रे असतात, ते कावियाची, म्हणजे डाग देण्याच्या तापत्या सळईची, उष्णता ओढून घेतात आणि कथील वितळत नाही. जोर करून उपटलं तर भोकाच्या आतलं तांब्याचं अस्तर निघून येतं आणि बोर्ड कायमचा जातो. मामांनी आधी मोबाइलवर बोर्डाचा फोटो काढून ठेवला. कपॅसिटरच्या अंगावरची पट्टी म्हणजे ऋण टोक, पण बोर्डावरची खूण काही कंपन्यांची उलटी असते, म्हणून खुणेवर विश्वास न ठेवता जुना कसा बसला होता ते बघूनच नवा बसवायचा. मग एकेका पायावर ताजं कथील सोडून, डावीकडं-उजवीकडं हलकेच कलवत प्रत्येक कपॅसिटर बाहेर काढला. भोकात राहिलेलं कथील काढायला त्यांच्याकडं इंजेक्शनची सुई आहे. स्टीलला कथील चिकटत नाही, त्यामुळं खालून कावियाचं टोक लावून वरून सुई घातली की भोक स्वच्छ होतं. नवे कपॅसिटर १५०० मायक्रोफॅरडचे, १०५ अंश उष्णता सोसणारे, कमी अंतर्गत रोधाचे. ते बेळगावात मिळाले नाहीत. बेंगळूरच्या एस. पी. रोडवरून रात्रीच्या बसनं पार्सल आलं, त्यात आठ दिवस गेले, कारण पहिल्या पार्सलात आले ते ८५ अंशांचे साधे होते आणि मामांनी ते परत पाठवले.

रॅम वाढवून घ्यावी असं माझ्या मनात होतं. मामांनी बिस्किटांच्या डब्यातून २५६ एमबीच्या दोन पट्ट्या काढल्या, एकीवर आठ चिपा, दुसरीवर सोळा. या चिपसेटला सोळावालीच पूर्ण ओळखता येते, आठवाली अर्धीच दिसते. चिपा मोजल्या नाहीत तर दिसायला दोन्ही सारख्या, खाचही तीच. नेटवरून मागवली असती तर मी हमखास चुकीची मागवली असती.

बोर्ड उभा राहिला, विंडोज उघडलं, पेजमेकर उघडलं. मराठी पॅकेज उघडायला गेले तर संदेश आला की कुलूप सापडत नाही. माझ्या पोटात गोळाच आला. कुलूप मेलं तर नवं आणायचं कुठून? बाबांच्या नावावरचा परवाना, तोही पंचवीस वर्षांपूर्वीचा. मामांनी कुलूप काढून बघितलं, पिना साफ केल्या, परत लावलं. तेच. मग ते कॉम्प्युटर बंद करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या मूळ नोंदींच्या पडद्यावर, गेले आणि हसून म्हणाले, ‘कुलूप बरं हाय की, दार बदललंय.’

झालं होतं असं. बोर्डावर नाण्यासारखी एक बॅटरी असते, सीआर२०३२, तिच्या जोरावर बायोस आपल्या नोंदी लक्षात ठेवतं. आमची बॅटरी संपली होती. जुनी काढून नवी घालताना सगळ्या नोंदी कारखान्यातून आल्या तशा झाल्या, आणि त्यात प्रिंटरचं पोर्ट ईसीपी पद्धतीवर गेलं. हे जुनं कुलूप साध्या पद्धतीच्या पोर्टाशीच बोलतं, पत्ता ३७८. बाबांनी किंवा तेव्हाच्या इंजिनिअरनं १९९९ साली ती नोंद केली असणार, कुठं लिहून मात्र ठेवली नाही. मामांनी ती बदलली आणि पॅकेज उघडलं. तुमच्याकडं असा कॉम्प्युटर अजून चालू असेल तर हे वाचून झाल्यावर आजच बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चाळीस रुपयांची बॅटरी संपल्यामुळं चांगलं कुलूप मेलं समजून मशीन भंगारात गेल्याच्या दोन गोष्टी मामांनी मला सांगितल्या.

यावरून मी त्यांना विचारलं, कुलुपाची भानगडच काढून टाकता येत नाही का? त्यावर त्यांचं उत्तर सरळ होतं, फोडलेलं सॉफ्टवेअर मी देत न्हाई, कुणालाच. विंडोजची आणि पेजमेकरची आमची मूळ सीडी होती, तीच त्यांनी वापरली. ज्यांच्याकडं काहीच नाही आणि फक्त डॉसवरचा प्रोग्राम चालवायचाय, त्यांना ते फ्रीडॉस घालून देतात. १९९४ पासून चालत आलेलं ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, कुणाचा परवाना लागत नाही. लॅपटॉपला कुलूप लावायचं म्हणून मी एकदा यूएसबी-ते-प्रिंटर केबल घेतली होती, तीही त्यांना दाखवली. तिचा उपयोग नाही. ती प्रिंटरपुरतीच असते, पॅकेज थेट ३७८ वर जाऊन कुलूप शोधतं आणि तिथं काहीच नसतं.

जुनी डिस्क परत घालायची नव्हती. तिच्या जागी त्यांनी कॅमेऱ्यात पूर्वी असायचं ते कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवलं. हे कार्ड आणि जुनी आयडीई डिस्क एकच भाषा बोलतात, त्यामुळं मधल्या छोट्या पाटीवर नुसते तारांचे मार्ग असतात, दुसरी चिप लागत नाही. कार्ड ८ जीबीचं. मी म्हटलं, मोठंच घाला. तर मामा म्हणाले, त्या काळच्या बायोसना डिस्कच्या आकाराच्या मर्यादा असतात, काहींची ८.४ जीबीला गाडी अडते, काहींची ३२ च्या पुढं. आम्हाला चार जीबीचं सामान ठेवायचंय, आठ भरपूर झालं. आता मशीन चालू केल्यावर डिस्कची ती किरकिर ऐकू येत नाही. बाबांना ते पहिले काही दिवस चुकल्यासारखं वाटायचं. पेनड्राइव्ह ओळखण्यासाठी विंडोज ९८ ला वेगळा ड्रायव्हर लागतो, तोही घालून दिला. पूर्वी मी लॅपटॉपवर फाईल न्यायला सीडी जाळत होते.

शिवाय डिस्कची ती नक्कल त्यांनी माझ्या लॅपटॉपवर ८६बॉक्स नावाच्या मोफत प्रोग्रामात उघडून दिली. लॅपटॉपच्या एका खिडकीत आमचा जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा दिसतो, तोच निळा पडदा, त्याच फोल्डरांची तीच नावं. कुलूप नसल्यानं तिथं मराठी टाइप होत नाही, पण वाचायला आणि छापायला नुसता फॉण्ट पुरतो. म्हणजे खरं मशीन उद्या बसलं तरी पानं दिसणार.

अभंगांच्या पानांचं मी पुढं युनिकोडही करून ठेवलं. ते मामांचं काम नव्हतं, पण ज्यांना करायचंय त्यांनी सावध असावं म्हणून सांगते. जुन्या फॉण्टात पहिली वेलांटी डोळ्याला दिसते तशी, अक्षराच्या आधी साठवलेली असते. युनिकोडात ती अक्षरानंतर येते. रफाराचंही असंच उलटसुलट. रूपांतर करणारा प्रोग्राम ही अदलाबदल करतो, पण सगळीकडं बरोबर करेल असं नाही. माझ्याकडं ‘विठ्ठल’ची वेलांटी सुटून आधी पडलेली, ‘कीर्तन’चं ‘कीतर्न’ झालेलं. सोळा पानांत मी असे एकशे दहा शब्द हातानं सुधारले. गुरुजींच्या ओळी मी पूर्वी कधी लक्ष देऊन वाचल्या नव्हत्या, या निमित्तानं अक्षर अक्षर वाचल्या. आणखी एक, विंडोजच्या मंगल या युनिकोड फॉण्टातला ल हिंदी वळणाचा आहे. आमच्या जुन्या पुस्तिकेतला गाठीचा मराठी ल मंडळाच्या लोकांना तसाच पाहिजे होता, म्हणून शेवटी छपाई जुन्या मशीनवरून बटर पेपरवर पानं काढूनच केली. शंभर सांगितली होती, दीडशे छापली.

पैशांचं सांगते. डिस्कची नक्कल सहाशे, कपॅसिटर मजुरीसकट नऊशे, कार्ड आणि त्याची पाटी चौदाशे, पंखा दीडशे, बॅटरी चाळीस. एकूण तीन हजार नव्वद. रॅमची पट्टी त्यांनी डब्यातली तशीच दिली. एवढ्यात मला काहीच महाग वाटलं नाही.

तक्रारी आहेत, त्या लपवत नाही. बिल मिळत नाही, वहीत लिहितात तेवढंच. छापखान्याच्या हिशेबाला मला ते अडचणीचं गेलं. फोन उचलत नाहीत, त्यामुळं मला वडगावहून चार हेलपाटे मारावे लागले, त्यातले दोन दुकान बंद म्हणून फुकट. दिलेली तारीख पाळतात असं नाही. मला आठ दिवस सांगितले होते, लागले एकोणीस. आणि काचेच्या जुन्या मॉनिटरचं काम त्यांनी आता बंद केलंय. आतला विजेचा दाब धोक्याचा, हात पूर्वीसारखा स्थिर नाही, असं ते स्वतःच सांगतात. बोळात दुचाकीसुद्धा लावायला जागा नाही, मशीन असेल तर रिक्षानंच जावं.

बाकी कामाचा पसारा मोठा आहे. मी तिथं बसले असताना उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपचा मुलगा आला होता. त्यांच्या मशीनला प्रोग्राम फ्लॉपीवरूनच द्यावा लागतो आणि चांगल्या फ्लॉप्या आता मिळत नाहीत. सोनीनंच २०११ साली त्यांची विक्री थांबवली. मामांनी त्याला फ्लॉपी ड्राइव्हच्या खाचेत बसणारा गोटेक लावून दिला. समोर पेनड्राइव्ह घालायचा, बटणानं आकडा निवडायचा, मशीनला वाटतं फ्लॉपी बदलली. एका पेनड्राइव्हवर शेकडो फ्लॉप्या मावतात. त्यात त्यांनी फ्लॅशफ्लॉपी हे मुक्त सॉफ्टवेअर भरून दिलं, म्हणजे वेगवेगळ्या पद्धतीच्या फ्लॉप्यांचं सोंग त्याला घेता येतं. पंधरा मिनिटांत मुलगा गेला.

भाग येतात कुठून, हे विचारल्यावर त्यांनी मागचा दरवाजा उघडून दाखवला. कचेऱ्यांच्या लिलावातले, कॉलेजच्या लॅबमधले, भंगारवाल्यांकडून किलोच्या भावापेक्षा चार पैसे जास्त देऊन सोडवलेले बोर्ड छतापर्यंत रचलेले. प्रत्येकावर खडूनं काय चालतं, काय मेलंय ते लिहिलेलं. ‘सोन्यासाठी जाळतात ओ हे,’ एवढंच म्हणाले.

जाणार असाल तर मशीन बरोबर मूळ सीड्या, कुलूप, मागं लावलेल्या सगळ्या केबली घेऊन जा, आणि घरातून निघायच्या आधी ‘चालू होतंय का’ म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. संध्याकाळी चारनंतर जा, सकाळी ते बाजार धुंडाळत असतात. सोमवारी दुकान बंद.

आमचं एक काम अजून बाकी आहे. वीजपुरवठ्याचा डबा अजून १९९९ चाच आहे, आणि पावसाळ्यात वडगावात विजेचं काही खरं नसतं. नव्या डब्याचा चोवीस पिनांचा प्लग आमच्या वीस पिनांच्या खाचेत बसतो, पण हे जुने बोर्ड पाच व्होल्टवर जास्त ओढतात आणि नवे डबे बाराला भक्कम, पाचाला बेताचे. मामांनी मागच्या खोलीतला एक शोधून, उघडून, त्याचेही कपॅसिटर बदलून फळीवर ठेवलाय. त्यावर खडूनं ‘वडगावची अक्का’ असं लिहिलंय. पुढच्या गुरुवारी आणायला जायचंय.